दिवाडीवर ई-रिक्षा आणायच्या तर: गाडीआधीचे हिशेब आणि खाऱ्या हवेचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या मांडवी नदीतल्या दिवाडीसारख्या छोट्या बेटावर पाच-सहा ई-रिक्षा, काही सायकली आणि सौर चार्जिंग उभं करायचं आहे. सोबत गावात पर्यावरणाची जागृतीही व्हावी अशी इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी, पैसा कुठे वाया जातो आणि अशा गाड्या दोन पावसाळ्यांत भंगारात का जातात?

उत्तर दिवाडीला धरूनच देतो. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोट, पूल नाही, मधे पिएदादची टेकडी आणि भोवती खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली). या चार गोष्टींवर गाडीची निवड, तिची संख्या आणि तिचं आयुष्य ठरतं. कंपनीच्या माहितीपत्रकावरून यातलं काहीही कळत नाही.

माथेरानची नक्कल करू नका

ई-रिक्षा म्हटलं की सगळे माथेरानचं उदाहरण देतात. तिथे 2022च्या डिसेंबरात चाचणी म्हणून ई-रिक्षा सुरू झाल्या आणि त्यांना गर्दी झाली. पण माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदीच आहे. पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षातून जाणाऱ्या माणसाला ई-रिक्षा मिळाली, तर तो तिच्यात बसणारच. दिवाडीवर बहुतेक घरांच्या अंगणात स्कूटर उभी असते. तुमची स्पर्धा त्या स्कूटरशी आहे. स्कूटरवाला फेरी सुटायच्या तीन मिनिटं आधी घरून निघतो. तुमची रिक्षा त्याला दहा मिनिटं थांबायला लावत असेल तर तो एकदाच बसेल, उद्घाटनाच्या दिवशी.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. तीन दिवस निवडा: एक साधा कामाचा दिवस, एक शुक्रवार (म्हापशाच्या बाजाराचा) आणि एक रविवार. सकाळी सहापासून शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येक धक्क्यावर दोघं बसवा. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने करा आणि किती जण पायी आले, किती दुचाकीवर, किती चारचाकीत, किती जणांना कुणीतरी सोडून परत गेलं, ते लिहा. हा शेवटचा रकाना लोक विसरतात आणि खरं गिऱ्हाईक त्याच रकान्यात असतं. ज्या घरातला माणूस रोज मुलीला धक्क्यावर सोडून रिकामी स्कूटर घेऊन परत जातो, त्याच्या दोन फेऱ्या वाचणार आहेत. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: कुठल्या वाड्यावरून आलात? सहा प्रश्नांचा अर्ज काढलात तर फेरी सुटायच्या घाईत कुणी उत्तर देत नाही.

बोंदेर या बेटावरच्या झेंड्यांच्या उत्सवाच्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, मोजणी करू नका. त्या गर्दीवरून गाड्या ठरवल्यात तर उरलेले 364 दिवस त्या उभ्या राहतील.

किती गाड्या लागतील

एक नमुन्याचा हिशेब घ्या, आकडे तुमच्या मोजणीतले घाला. धक्का ते वाडा 3 किलोमीटर. ई-रिक्षाचा सरासरी वेग ताशी 20 धरला तर जायला 9 मिनिटं, चढ-उतार करायला 3. उलट फेरी धरून 24 मिनिटं. फेरीबोट दर अर्ध्या तासाला असेल तर एक रिक्षा दर बोटीला एकदा, चार माणसं घेऊन येऊ शकते. सकाळच्या एका बोटीला रिक्षा हवी असलेले 24 जण असतील, तर सहा रिक्षा झाल्या. पण त्या सहापैकी चार रिक्षा अकरा ते चार उभ्या राहणार, आणि त्यांच्या चालकांनी पोटाला काय खायचं? त्यापेक्षा गर्दीच्या वेळेला बारा-चौदा आसनांची एक छोटी विजेवरची गाडी आणि तिच्या जोडीला तीन रिक्षा हे गणित बरं बसतं. दुपारी मोठी गाडी चार्जिंगला, रिक्षा रस्त्यावर.

पर्यावरणाचा हिशेबही इथेच होऊन जाऊ दे, कारण तो बहुतेक ठिकाणी चुकीचा मांडला जातो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरला साधारण 51 ग्रॅम. ई-रिक्षा सपाटीवर किलोमीटरला 60 वॅट-तास खाते, चार्जरमधली गळती धरून भिंतीतून 70 ओढते. आपल्या देशातल्या ग्रिडची वीज युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. गुणाकार केला की 49 ग्रॅम. म्हणजे ई-रिक्षाचा एक किलोमीटर आणि स्कूटरचा एक किलोमीटर जवळपास सारखाच. फरक पडतो तो फक्त आत किती माणसं बसली यावर. सकाळी चार माणसं धक्क्याला सोडून रिकामी परत आली तर माणशी 25 ग्रॅम, म्हणजे निम्मा फायदा. दुपारी एका पर्यटकाला घेऊन गेली आणि रिकामी आली तर स्कूटरच्या दुप्पट नुकसान.

यावर लगेच सांगितलं जातं की आम्ही सौर पॅनेल लावणार. लावाच. पण तीच वीज रिक्षात न जाता ग्रिडला गेली असती तरी तेवढाच कोळसा वाचला असता. त्यामुळे पॅनेलचं श्रेय पॅनेलला द्या, रिक्षाला नको. रिक्षाची परीक्षा भरलेल्या आसनांवरच करा. रोज संध्याकाळी दोन आकडे लिहायचे: एकूण किलोमीटर आणि एकूण प्रवासी. बाकी अहवाल नसले तरी चालेल.

आणखी एक नियम सुरुवातीलाच घाला: रिक्षा बेटावरच राहतील, फेरीबोटीत चढणार नाहीत. बोटीतली जागा माणसांना हवी असते. शिवाय मांडवीला भरती-ओहोटीचा मोठा फरक आहे. ओहोटीला उतरंड लांब आणि शेवाळलेली होते, तिथे तीनचाकीचं पोट घासतं आणि चाकं खाऱ्या पाण्यात जातात. माणूस पायी ओलांडेल, पलीकडे बस पकडेल, अलीकडे रिक्षा. रिक्षाचं वेळापत्रक बोटीला बांधलेलं हवं, घड्याळाला नाही. बोट उशिरा आली तर रिक्षा थांबलेली असलीच पाहिजे. हे पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलं की लोक परत स्कूटर काढतात.

कुठली गाडी

कायद्याच्या व्याख्येतली ई-रिक्षा म्हणजे चार प्रवासी, 40 किलो सामान, ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आणि 4 किलोवॉटपर्यंतची मोटर. प्रत्यक्षात बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्यांत 48 व्होल्टची, एक ते दीड किलोवॉटची मोटर असते. बेटावरच्या मळार गावाच्या सपाट रस्त्याला ती पुरते. पिएदादच्या चर्चच्या चढावर चार माणसं घेऊन ती दमते: आधी वेग उतरतो, मग कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारी पेटी) गरम होऊन स्वतःच करंट कापतो, आणि चालक उतरून ढकलायला लागतो. टेकडीच्या फेऱ्या असतील तर जास्त ताकदीची, एल-5 गटातली विजेवरची ऑटो घ्या. ती महाग असते, तीनच प्रवासी घेते, पण चढते. सगळ्या गाड्या एकाच प्रकारच्या घेण्याचा आग्रह टेंडर लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो.

स्थानिक गॅरेजमध्ये जोडलेली स्वस्त गाडी घेऊ नका. मान्यता नसलेल्या गाडीची नोंदणी होत नाही, विमा मिळत नाही, आणि पहिला अपघात पंचायतीच्या गळ्यात येतो. ई-रिक्षाला परमिटातून सूट असली तरी कुठल्या रस्त्यावर चालवायची याचं बंधन राज्य घालू शकतं, म्हणून वाहतूक खात्याशी बोलणी खरेदीच्या आधी करा.

खारी हवा

बेटावर गाडी मरते ती बॅटरीने नाही, विजेच्या तारांच्या सांध्यांनी. हे नीट समजून घेतलं तर निम्मा खर्च वाचेल.

नमुन्याची तक्रार अशी येते: "रिकामी असताना मस्त पळते, चार माणसं बसली की चढावर बसते." मीटरवर 51 व्होल्ट दिसतात, अॅक्सिलरेटर पिळला की 44. मेकॅनिक बॅटरी बदलायला सांगतो. बॅटरी बदलली की महिनाभर बरं चालतं, कारण बदलताना सांधे घासून पुसले गेलेले असतात. मग पुन्हा तेच. बॅटरीच्या पेटीचं झाकण काढून केबलच्या टोकाचा लग (बोल्टखाली कसायचा धातूचा तुकडा) पाहा. त्यावर हिरवट पांढरी पूड असते. लगच्या मागची प्लॅस्टिकची नळी बोटभर सोला. आतली तांब्याची तार लालसर चकचकीत असायला हवी, ती काळी पडलेली दिसेल. खारट दमट हवा उघड्या टोकातून तारेच्या आत शिरत जाते आणि इन्सुलेशनच्या आतून तांबं काळवंडतं. अशा तारेवर नुसता नवा लग ठोकून उपयोग नाही. काळा भाग संपेपर्यंत तार कापावी लागते.

तपासणी सोपी आहे आणि पाचशे-सातशे रुपयांच्या मल्टिमीटरने होते. मागची चाकं जॅकवर न घेता, गाडीत माणसं बसवून, चढावर हळू चालवत प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंना मीटरच्या सुया लावून व्होल्टेज मोजा. काम दोघांचं आहे, एक चालवणारा आणि एक मोजणारा. 30 अँपिअर जात असताना चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्टच दिसतात. 100 मिलिव्होल्टच्या वर गेलं तर सांधा संशयित. 0.2 व्होल्ट पडत असतील तर त्या एका बोल्टपाशी 6 वॅट उष्णता सतत निघते आहे, आणि प्लॅस्टिक वितळायची सुरुवात तिथूनच होते.

उपाय खरेदीच्या वेळीच मागून घ्यायचा. केबल कल्हई केलेल्या तांब्याची, लगही कल्हईचे, हातोडीने नाही तर हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, आणि जोडल्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. हे सगळं एका रिक्षाला करायला फारसा खर्च येत नाही. वेळ लागतो, आणि कारखान्यात तो कुणी देत नाही.

दुसरी दुखरी जागा म्हणजे मोटरच्या हॉल सेन्सरचा (मोटर फिरताना कुठे आहे ते कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरचा) छोटा कनेक्टर. त्यातून 5 व्होल्टचे बारीक सिग्नल जातात. थोडा ओलावा शिरला तरी गाडी सुटताना थरथरते, झटके देते, कधी जागेवरच गुरगुरते. पावसाळ्यात ही तक्रार आली की मोटर उघडू नका. आधी कनेक्टर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळवा, ग्रीस भरा आणि परत जोडताना तारेला खाली झुकणारा वळसा ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी वळशाच्या तळाला गळून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

चॅसिस बहुधा साध्या लोखंडी पाइपची, वरून रंगवलेली असते. गंज बाहेरून दिसतो तेव्हा पाइप आतून संपलेला असतो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज केलेली चॅसिस मागा. त्यासाठी वेल्डिंग केलेल्या पाइपांना आधीच हवेची आणि पाण्याची भोकं पाडावी लागतात, कारण बंद पाइप वितळलेल्या जस्तात बुडवला तर आतली वाफ त्याला फोडते. म्हणजे हे काम गाडी जोडून झाल्यावर होत नाही, ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. ते जमणार नसेल तर निदान पाइपांच्या सर्वांत खालच्या टोकांना 6 मिलिमीटरची भोकं आणि आतून मेणाचा फवारा, दरवर्षी मे महिन्यात. अॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेसचे बोल्ट कोरडे घालू नका. दोन धातूंमधे खारं पाणी आलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि बोल्ट कायमचा बसतो.

हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवायची सवय बेटावर मोडावी लागते. पावसाळ्यात ड्रम आणि लायनर गंजाने चिकटतात, सकाळी गाडी हलत नाही. चाकाला लाकडी पाचर लावा. धुताना गोडं पाणी, साधा पाइप. प्रेशर पंप लावला की पाणी हबच्या सीलमधून आत जातं, आणि मग बेअरिंग आवाज करायला लागली की दोष उगाच कंपनीला दिला जातो.

बॅटरी

लेड-अॅसिडचा संच म्हणजे 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या, एकत्र सव्वाशे किलोच्या आसपास. आयुष्य नीट सांभाळलं तर वर्षभर, थोडं मागेपुढे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाचा पॅक 5 युनिट साठवतो, वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि आयुष्य कित्येक पट. बेटासाठी माझं मत स्पष्ट लिथियमच्या बाजूने आहे, आणि कारण पैशांपेक्षा वागणुकीचं आहे. लेड-अॅसिडला रोज रात्री पूर्ण चार्ज हवा, आठ-दहा तास सलग. बेटावरची वीज सलग राहीलच असं नाही. अर्धवट चार्ज होत राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि सहा महिन्यांत संच बसतो. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट चार्ज चालतो.

तरीही पैशांमुळे लेड-अॅसिडच घ्यावी लागली तर एक गोष्ट पाळा: विहिरीचं पाणी थेंबभरही घालायचं नाही. खाजनाजवळच्या विहिरींत क्षार असतात आणि क्लोराइड प्लेटा खातं. डिस्टिल्ड वॉटर पंधरा दिवसांनी, चार्ज पूर्ण झाल्यावर, प्लेटांच्या वर सेंटिमीटरभर. चार्जिंगआधी भरलं तर चार्ज होताना अॅसिड वर येऊन सांडतं आणि खालची चॅसिस खातं.

लिथियमच्या बाबतीत तीन गोष्टी. पॅकला एआयएस-156 या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाचं प्रमाणपत्र मागा. चार्जर त्याच पॅकचा हवा: 16 सेलच्या पॅकला 58.4 व्होल्टला चार्जिंग थांबलंच पाहिजे. जुन्या लेड-अॅसिडचा चार्जर "48 व्होल्टचाच आहे" म्हणून लावला की संरक्षण सर्किटवर रोज ताण येतो. आणि पंधरवड्यातून एकदा पॅक शंभर टक्के भरून तासभर जोडलेला ठेवा, म्हणजे सेल एका पातळीवर येतात. हे केलं नाही की एक सेल मागे पडतो आणि मीटरवर 30 टक्के दिसत असताना गाडी अचानक बंद होते.

पेटी हवाबंद असेल तरी तिला ओलावा न घेणारी श्वासाची झडप हवी. उन्हात तापलेल्या पेटीवर पावसाची सर आली की आतली हवा आकसते आणि सील फटीतून दमट हवा ओढून घेतं. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब दिसले तर हेच झालेलं असतं.

चार्जिंगची शेड

48 व्होल्ट, 25 अँपिअरचा चार्जर भिंतीतून साधारण 1.6 किलोवॉट ओढतो. पाच रिक्षा म्हणजे 8 किलोवॉट. हा भार घरगुती सिंगल फेजवर टाकू नका, थ्री फेज जोडणी घ्या. संध्याकाळी सात ते दहा सगळ्या घरांत पंखे, दिवे, टीव्ही चालू असतात, लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं. टायमर लावून रात्री अकरानंतर चार्जिंग सुरू करा.

प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरची आरसीबीओ (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) हवीच. एकच सामायिक बसवली की पावसात एका गाडीच्या ओलाव्याने पाचही गाड्या रात्रभर उपाशी राहतात, आणि मग कुणीतरी वैतागून ती बायपास करतो. तो दिवस धोक्याचा. अर्थिंगसाठी लोखंडी प्लेट नको, खारट मातीत ती लवकर संपते. तांब्याचा मुलामा असलेला रॉड घाला आणि रोध 5 ओहमच्या आत आहे का ते मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना मोजा. सॉकेट जोत्यापासून मीटरभर वर. शेड खाजनाच्या काठावर असेल तर आधी किनारी नियमन क्षेत्राची रेषा तपासा.

सौर वीज: रिक्षामागे रोज 4 युनिट धरले तर पाचांचे 20, गळतीसह 23. गोव्यात एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज 4 युनिटच्या आसपास देतं, म्हणजे 6 किलोवॉट पुरे. त्याला सावली नसलेली 60 चौरस मीटर जागा लागते. जून ते ऑगस्ट उत्पादन निम्म्यावर येतं, तेव्हा ग्रिडवरच भागवायचं, म्हणून नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोय) घ्या. वेगळी बॅटरी बँक बांधू नका. पॅनेलचे सांगाडे वाऱ्यासाठी मजबूत हवेत. 2021च्या मेमधल्या तौक्ते वादळात गोव्यात झाडं आणि विजेचे खांब कुठे कुठे पडले, ते सगळ्यांना आठवत असेल.

सायकली

सायकलचा विचार पर्यटकांपुरता करू नका. पोदेर आजही पाव सायकलवरूनच आणतो, हे बेटाला माहीत असलेलं वाहन आहे. सार्वजनिक वापरासाठी गिअर नसलेली, अॅल्युमिनियमच्या फ्रेमची, स्टेनलेस स्पोकची सायकल घ्या. गिअरच्या केबल खाऱ्या हवेत पहिल्या पावसातच अडकतात. चेनला पातळ तेलाऐवजी मेणाचं वंगण. चेनच्या 12 पूर्ण कड्यांची लांबी 12 इंच असते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने वाढली की चेन बदला. आठव्या भागापर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही बदलावं लागतं. सीटची दांडी दर महिन्याला बाहेर काढून ग्रीस लावा, नाहीतर ती फ्रेममध्ये रुतते आणि उंच माणसाला सायकल निकामी.

दुरुस्ती करणाऱ्याला दुरुस्तीमागे पैसे देऊ नका. महिन्याच्या प्रत्येक शनिवारी सकाळी चालू स्थितीत किती सायकली उभ्या आहेत त्यावर द्या. दुरुस्तीमागे दिले की पंक्चरं वाढतात.

माणसं आणि पैसा

चालक कोण? पहिला प्रस्ताव मोटारसायकल पायलटांना (भाडं घेऊन दुचाकीवरून सोडणाऱ्यांना) आणि आधीच्या रिक्षावाल्यांना गेला पाहिजे. त्यांना डावलून बाहेरचे चालक आणले तर धक्क्यावर भांडण ठरलेलं, आणि गावही त्यांच्याच बाजूने उभं राहील. मला विचाराल तर ते रास्तच आहे.

मालकी पंचायतीची आणि देखभाल कुणाचीच नाही, ही सर्वांत वाईट रचना. गाडी चालकाच्या किंवा सहकारी संस्थेच्या नावावर, आणि बॅटरीचा निधी मात्र संस्थेच्या वेगळ्या खात्यात. समजा संच 50 हजारांचा आणि वर्ष चालतो, तर रोजचे साधारण 140 रुपये झाले. हे पैसे भाड्यातून रोज संध्याकाळी बाजूला निघाले नाहीत, तर तेराव्या महिन्यात चालकाच्या खिशात बॅटरीचे पैसे नसतात आणि गाडी अंगणात उभी राहते. अशा योजना बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

जागृती

चित्रकला स्पर्धा आणि रॅली घ्यायला हरकत नाही, पण त्यातून स्कूटर घरी राहत नाही. डेन्मार्कच्या सामसो बेटाची 1997मध्ये सरकारने नवीकरणीय ऊर्जेचं बेट म्हणून निवड केली. तिथे गावकऱ्यांना पवनचक्क्यांमध्ये हिस्से घ्यायला मिळाले. बेटावरच्या गाड्या आणि फेरीबोटी तेव्हा बदलता येण्यासारख्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या इंधनाची भरपाई करायला समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या केल्या आणि तो हिशेब उघडपणे मांडला. घ्यायचं ते एवढंच: लोकांचा पैसा त्यात असावा आणि आकडे सगळ्यांसमोर असावेत.

धक्क्यावर एक फळा लावा. दर सोमवारी चार आकडे: मागच्या आठवड्यातले प्रवासी, किलोमीटर, विजेचे युनिट, आणि वीस घरांनी मिळून भरलेलं पेट्रोल. हे वीस घरांचं काम आठवी-नववीच्या मुलांना द्या. प्रत्येकाने आपल्या आणि शेजारच्या घरचे लिटर वहीत लिहायचे. फळा कुणी पुसला किंवा आकडा चुकला तर फेरीतले लोक विचारतात, आणि तेव्हा समजायचं की फळा वाचला जातो आहे.

हवेच्या प्रदूषणाचा स्वस्त सेन्सर मात्र धक्क्यावर टांगू नका. आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली की धूलिकण पाणी शोषून फुगतात आणि लेझरचा सेन्सर त्यांना जास्त मोजतो. खारे तुषारही त्यात मोजले जातात. पावसाने धुतलेल्या सकाळी फळ्यावर "हवा वाईट" असं दिसलं की लोक बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाहीत.

जागृतीचं खरं काम जुन्या बॅटऱ्यांचं आहे. भंगारवाला शिशाच्या वजनाचे पैसे देतो, अॅसिड नको असतं, म्हणून ते ओतून दिलं जातं. ते खाजनात उतरलं तर भात आणि मासळी दोन्हीला भोवतं. 2022च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. प्रत्येक बॅटरीचा क्रमांक नोंदवहीत लिहा, नवी देताना जुनी त्याच क्रमांकाची आणि अॅसिडसह परत घ्या. फेरीतून नेताना ती उभी, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. फुगलेला लिथियम पॅक प्रवासी असलेल्या बोटीत कधीही चढवू नका. शेडपासून दूर, उघड्यावर, सावलीत ठेवा आणि पुरवठादाराला बोलवा.

शनिवार-रविवारच्या पर्यटकांच्या गाड्यांचा प्रश्नही याच यादीत घ्या. खाजनाच्या बांधावरचे रस्ते अरुंद आहेत आणि त्यांना रुंद करणं म्हणजे बांधाशी खेळणं. जुने गोव्याच्या बाजूला गाडी ठेवा, पायी ओलांडा, अलीकडे सायकल मिळेल, असा फलक फेरीच्या रांगेत पलीकडच्या काठावर हवा. इथे उतरल्यावर वाचून काय उपयोग?

फेरीबोटीचं काय

बेटाच्या इंधनाच्या हिशेबात फेरीबोटीचं डिझेल धरलं नाही तर तो हिशेब अर्धाच आहे. केरळात वैक्कम ते तवणक्कडवू या मार्गावर 2017च्या जानेवारीपासून 75 प्रवाशांची सौर बोट चालते: छतावर 20 किलोवॉट पॅनेल, पोटात 50 युनिटची लिथियम बॅटरी. ती चालते कारण तिला दोन सडपातळ सांगाडे आहेत, वजन हलकं आहे आणि तिच्यात मोटारी चढत नाहीत. आपल्या सपाट तळाच्या, गाड्या वाहणाऱ्या जुन्या फेरीबोटीत तेवढीच बॅटरी टाकली तर ती दुपारपर्यंतही पुरणार नाही. मागायचंच असेल तर गर्दीच्या वेळेला फक्त पायी प्रवाशांसाठी वेगळी हलकी विजेवरची बोट मागा. आणि कोचीच्या जलमेट्रोसारखा भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का मागा. म्हाताऱ्या माणसांना आणि सायकलवाल्यांना त्याचा उपयोग बोटीइतकाच आहे.

रिक्षांच्या खरेदीकडे परत येऊन एक शेवटचं. ऑर्डरमध्ये सुट्या भागांची यादी घाला: पाच गाड्यांमागे एक कंट्रोलर, एक चार्जर, दोन थ्रॉटल, हॉल सेन्सरचे दोन संच, ब्रेक लायनरचे चार जोड, हे बेटावर कपाटात हवेत. पणजीहून भाग येईपर्यंत गाडी आठवडाभर उभी राहिली तर चालकाची कमाई बुडते आणि बोटीचा मेळही तुटतो. ताबा घेताना प्रत्येक गाडीत तिच्या क्षमतेइतकी माणसं आणि 40 किलो वाळू भरून ती तिच्या मार्गातल्या सर्वांत मोठ्या चढावर, टेकडीची गाडी असेल तर पिएदादच्या चढावर, लागोपाठ तीनदा चढवा. तिसऱ्या फेरीनंतर मोटर आणि कंट्रोलरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या, बॅटरीच्या प्रत्येक लगवरचं व्होल्टेज मोजा, आकडे गाडीच्या क्रमांकासह लिहा. ही परीक्षा होईपर्यंत शेवटचं 25 टक्के बिल द्यायचं नाही, असं ऑर्डरच्या कागदातच लिहिलेलं असू द्या.